बेल्जमची एल आणि मराठवाड्याचे धान्य

मद्याच्या विषयावर आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक निषेधाचे व दुसरे थट्टेचे. निषेध करणाऱ्यास वस्तूची माहिती करून घेण्याची गरज वाटत नाही, आणि थट्टा करणाऱ्यास तिच्या परिणामांची. या दोहोंहून निराळी अशी एक वाट आहे. वस्तू कशाची बनली, कोठून आली, तिची चव कशी आहे आणि तिची किंमत शेवटी कोणाच्या पदरी पडते, हे शांतपणे पाहणे, ही ती वाट होय. पुण्या-मुंबईस शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेलेली आपली मुले सुट्टीत घरी येतात तेव्हा ‘क्राफ्ट बिअर’ हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. तो ऐकून वडील मंडळींनी विषय बदलला, तर मुले तो विषय घराबाहेर बोलतील इतकेच. म्हणून या वेळी आम्ही तोच विषय घेतला आहे.

हा लेख आम्ही जालना जिल्ह्यातील मंठा येथून लिहीत आहोत, हे आरंभीच सांगणे अवश्य आहे. पूर्णा व दुधना या दोन नद्यांच्या मधला हा काळ्या जमिनीचा मुलूख. येथे ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन होते. बिअरचा कारखाना येथे नाही. तथापि बिअर ही धान्य आणि पाणी यांची वस्तू आहे, आणि धान्य व पाणी यांविषयी बोलण्याचा अधिकार मंठ्यास इतर कोणत्याही गावाहून कमी नाही.

एल म्हणजे काय

सातू भिजवावे, त्यांस मोड आणावे, मोड आलेले दाणे गरम हवेत वाळवून हलकेच भाजावे. या दाण्यांस ‘माल्ट’ म्हणतात. ते भरडून ऊन पाण्यात ठेवले म्हणजे दाण्यातील पिठूळ अंश गोड होतो. हे गोड पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात. निवाल्यावर त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट गोडी खाऊन तिचे अल्कोहोल व वायू करते. आपण मटकीस मोड आणतो आणि इडलीचे पीठ आंबवितो; या दोन्ही क्रिया एका भांड्यात आणल्या म्हणजे बिअरची कृती झाली, असे म्हणण्यास फारशी हरकत नाही.

बिअरचे दोन मोठे वर्ग आहेत. थंडीत, सुमारे ८ ते १३ अंशांवर, सावकाश आंबविलेली ती ‘लागर’. आपल्या बाजारातील बहुतेक बाटल्या याच वर्गातल्या. सुमारे १८ ते २४ अंशांच्या उबेत आंबविलेली ती ‘एल’. उबेत यीस्ट अधिक चपळ होते आणि अल्कोहोलाबरोबर नाना प्रकारचे सुवासही निर्माण करते. म्हणून एलमध्ये कधी पिकल्या केळ्याचा, कधी लवंगेचा वास येतो. वास्तविक तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. बेल्जमच्या लोकांनी हे यीस्टचे कसब पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. तेथील कित्येक ख्रिस्ती मठांत बिअर बनवून मठाचा चरितार्थ व दानधर्म चालविला जातो. दक्षिणेकडील शेतकरी हिवाळ्यात बिअर करून ठेवीत व ती उन्हाळ्यातील मजुरांस देत. आणि ब्रुसेल्सच्या परिसरात तर हवेतील जंतूंवरच विसंबून आंबट बिअर बनविली जाते. २०१६ साली युनेस्कोने बेल्जमच्या बिअर-परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे योगविद्येस हा मान त्याच वर्षी मिळाला, हा योगायोग वाचकांस मौजेचा वाटेल.

एका गवळ्याची गोष्ट

बेल्जन एलच्या अनेक जाती आहेत. त्यांतील आमच्या घरापर्यंत पोहोचली ती ‘विटबिअर’, म्हणजे पांढरी बिअर. हिच्यात सुमारे अर्धे सातूचे माल्ट व जवळजवळ तितकाच मोड न आणलेला कच्चा गहू असतो. आणि त्यांवर भरडलेले धने व कडू संत्र्याची वाळलेली साल. ब्रॅबंट भागातील हूगार्डन हे हिचे माहेर. परंतु थंड, पारदर्शक लागर सर्वत्र लोकप्रिय झाली आणि या गढूळ गावठी पेयास गिऱ्हाईक राहिले नाही. १९५७ साली गावातील अखेरची भट्टी विझली.

तिच्या शेजारी पीएर सेलिस नावाचा एक गवळी राहत असे. लहानपणी तो त्या भट्टीत मदतीस जाई. ती चव गावातून नाहीशी झाल्याची हळहळ त्याच्या मनात राहिली, आणि १९६६ साली आठवणींच्या आधारे त्याने ती बिअर पुन्हा बनविली. पुढे ती जगभर गेली. १९८५ साली कारखान्यास आग लागली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला, आणि अखेरीस कारखाना त्या कंपनीच्या हाती गेला. सेलिसने म्हातारपणी अमेरिकेत जाऊन पुन्हा लहान भट्टी घातली. आज ‘क्राफ्ट’ या शब्दाभोवती जी कळकळ आणि जो बाजार आहे, ती दोन्ही या एका चरित्रात दिसून येतात.

तिच्यातील संत्र्याच्या सालीचीही कथा ऐकण्याजोगी आहे. दक्षिण अमेरिकेजवळ कुरासाव नावाचे बेट आहे. स्पॅनिश लोकांनी तेथे गोड संत्र्याची झाडे लावली. बेटाची जमीन रुक्ष, पाऊस तुटपुंजा. फळ लहान व कडू झाले आणि कोणी खाईना. परंतु त्याची साल वाळविली असता तिचा सुवास गोड संत्र्याहूनही सरस निघाला. १६३४ साली बेट डचांकडे गेले व त्यांच्या व्यापारामुळे ती साल युरोपात पोहोचली. ज्या जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी त्यांवर कुऱ्हाड चालविली, त्या जिल्ह्यात बसून ही कथा लिहिताना ती केवळ मौजेची वाटत नाही.

देवळालीपासून पुण्यापर्यंत

महाराष्ट्रात लहान ब्रुअरीचा आरंभ २००९ साली पुण्यास ‘डूलॅली’ या संस्थेने केला. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. तेथील लष्करी छावणीत मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांस बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने राहावे लागे. उकाड्याने, तापाने व रिकामपणाने कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर, असा शब्दच रूढ झाला. एका मराठी गावाचे नाव इंग्रजी कोशात वेडाचा प्रतिशब्द म्हणून जाऊन पुन्हा पुण्यास बिअरच्या पाटीवर परत आले, ही भाषेची गंमत आहे. डूलॅलीमागून पुण्यास इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट एलवर्क्स, मुंबईस गेटवे अशा संस्था निघाल्या. गव्हाच्या पांढऱ्या बिअरीची सामान्य गिऱ्हाइकास ओळख झाली ती मात्र ‘बीरा’ या मोठ्या छापामुळे. २०१५ साली आरंभीचा माल बेल्जममध्येच बनवून इकडे आणला जात असे.

चव

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याने तेथील एका लहान ब्रुअरीचे दोन सीलबंद डबे आणले. ब्रुअरीचे नाव आम्ही देत नाही. हे पान जाहिरातीचे नव्हे. भाचा सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याच्याजवळ परवाना होता. आम्हीही रीतसर परवाना काढला. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो व बिअरसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. ही गोष्ट अनेक सुशिक्षितांस ठाऊकच नसते, म्हणून येथे नमूद केली.

“मामा, नावे ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी हुंगून तरी पाहा,” असे म्हणून त्याने डबा काचेच्या उंच पेल्यात ओतला. थोडा भाग तळाशी राखून डबा हलकेच फिरविला आणि उरलेला गाळ वरून सोडला. तो गाळ म्हणजे यीस्ट. पांढऱ्या बिअरीत तो टाकीत नाहीत.

रंग फिका पिवळा, परंतु स्वच्छ नव्हे. ताकाच्या निवळीत चिमूटभर हळद मिसळावी तसा. गढूळपणा कच्च्या गव्हाचा व यीस्टचा. वर पांढरा, दाट आणि बराच वेळ टिकणारा फेस. हाही गव्हाचाच गुण. वास घेतला तेव्हा प्रथम संत्र्याची साल जाणवली, मग धने, आणि सर्वांच्या मागे लवंगेसारखे काही तरी. आमच्या सौभाग्यवतींनी पेला ओठांस लावला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून एकदाच वास घेतला आणि म्हणाल्या, “धने भाजलेले नाहीत रे. नुसते भरडून घातलेत, आणि तेही शेवटी.” भाचा चकित झाला, कारण त्या ब्रुअरीत त्याला हीच कृती सांगण्यात आली होती. उकळी संपता संपता भरडलेले धने टाकतात. अधिक उकळल्यास त्यांचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. पदार्थाची पारख करण्याची विद्या आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वीपासूनच आहे, तिला शहरात जाऊन नवे नाव मिळवावे लागत नाही.

चवीस ती हलकी व किंचित आंबटसर निघाली. जिभेवर वायूचे बारीक टोचणे, मधे गव्हाची मऊ गोडी, आणि शेवटी जेमतेम जाणवणारा कडवटपणा. मेथीचा दाणा चावल्यावर जो राहतो त्याच्या चौथाईनेही नाही. बाजारातील तीव्र बिअरीचा जो उग्र धातूसारखा शेवट आम्ही ऐकून होतो, तो येथे आढळला नाही. दोष सांगावयाचा तर संत्र्याचा वास थोडा पुढे पुढे करीत होता. पेय गार होते तोवर तो शोभला. पेला निवांतपणे हाती राहिला व ऊब चढली, तसा तो अत्तराकडे झुकला, आणि धने मागे पडले. दोन डबे चौघांत वाटले, तेवढे पुरले.

आम्हांस या चवीने सर्वांत आधी आठवण झाली ती आंबिलीची. ज्वारीचे पीठ ताकात वा पाण्यात भिजवून रात्रभर आंबवावयाचे, सकाळी शिजवून त्यात मीठ, जिरे घालावयाचे आणि उन्हाच्या वेळी शेतावर न्यावयाचे. आंबिलीत जे जंतू काम करतात ते आंबटपणा करतात, अल्कोहोल जवळजवळ नाही. बिअरीत यीस्टचे काम मुख्य. एक भूक भागविते, दुसरी गुंगी आणते. हा भेद लहान नाही, आणि तो झाकू नये. परंतु मूळ कल्पना, म्हणजे धान्य आंबवून उन्हात राबणाऱ्याच्या घशास गारवा द्यावयाचा, ही दोन्हीकडे एकच आहे.

जिवंत दाणा

येथून आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. या पेयात घातलेले सातू आपल्या शिवारातले नव्हते आणि हॉप्स तर परदेशीच. मग ज्वारीची एल होऊ शकेल काय? होते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर ही घरगुती वस्तू आहे. नायजेरियाने १९८८ साली सातूच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तेथील मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारीकडे वळावे लागले, आणि त्या वळल्या. अडचणी आहेत. ज्वारीतील पीठ अधिक उष्णतेशिवाय फुलत नाही आणि त्याची गोडी करणारे पाचक अंश सातूहून कमी असतात. शिवाय कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ते विष मोडांतही असते, म्हणून वाळविल्यावर मोड व मुळ्या झाडून काढाव्या लागतात.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्र सरकारने २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्यांस अनुदान देण्याचे धोरण काढले. पावसात सापडून काळी पडलेल्या ज्वारीस भाव मिळेल, असे त्याचे एक समर्थन होते. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्यास कसून विरोध केला, आणि तो योग्यच होता. खाण्याचे धान्य सरकारी पैशाने दारूत ओतणे हे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नव्हे. माल्टाची गोष्ट मात्र येथे वेगळी पडते. मद्यार्काच्या कारखान्यास दाणा मेलेला असला तरी चालतो. माल्टास दाणा जिवंत लागतो. बुरशी लागलेल्या ज्वारीस नीट मोड येत नाहीत. माल्ट करणारा शंभर दाणे भिजवून त्यांतील किती उगवले ते मोजतो. आमचा शेतकरी पेरणीपूर्वी ओल्या फडक्यात वा गोणपाटात दाणे गुंडाळून हीच परीक्षा घेतो. जालना हे तर बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे ‘महिको’ काढली तेव्हापासून दाण्याची उगवणशक्ती हा या जिल्ह्याचा व्यवसायच झाला आहे. जालन्याच्या दगडी ज्वारीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीस ते आधीच मिळाले आहे. एखाद्या लहान ब्रुअरीने अशी ज्वारी चढ्या भावाने घेतली, तर ती निकृष्ट मालाची विल्हेवाट ठरणार नाही. उत्कृष्ट मालाची कदर ठरेल. दगडी ज्वारीची भाकरी अर्थातच आधी. उरल्या दाण्याचा हा विचार आहे.

पाण्याचा हिशेब

धान्याचा हिशेब येथवर जमला. पाण्याचा इतक्या सहज जमत नाही. मोठ्या व काटकसरी कारखान्यातही एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी लागते. भांडी धुणे, वाफ आणि थंडावा यांत ते जाते. लहान ब्रुअरीत हे प्रमाण कमी होत नाही, उलट वाढते, कारण भांडे लहान असले तरी ते धुवावे लागतेच. ‘लहान’ म्हणजे आपोआप ‘निर्दोष’ असे समजणाऱ्या तरुण मंडळींनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मराठवाड्यास हा प्रश्न पुस्तकी नाही. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, उद्योगवसाहतींत बिअरचे अनेक मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात प्रथम निम्मी व पुढे त्याहूनही अधिक कपात करण्याचा आदेश दिला. त्या दिवसांत मंठ्याच्या आसपास ज्या बायका टँकरची वाट पाहत रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यापुढे धन्यांच्या सुवासाचे वर्णन करण्याची कोणाची छाती झाली असती? चवीचा विचार हा पोटभर पाणी मिळालेल्यांचा विचार आहे, आणि तो तसा आहे हे चव घेणाऱ्याने विसरू नये.

त्याच बायकांच्या हाती कायद्याने एक शस्त्रही आहे. गावातील वा वॉर्डातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’स मत दिले तर तेथील दारूचे दुकान बंद होते. वर्धा व गडचिरोली हे जिल्हे आजही दारूबंदीचे आहेत; चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ साली उठली. पुण्याच्या काचेच्या पेल्यातील एल आणि खेड्यातील दुकानाची बाटली यांत चवीचे अंतर पुष्कळ असेल, अल्कोहोल मात्र दोहोंत एकच. त्या पांढऱ्या बिअरीत ते शेकडा पाचच्या जवळपास होते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे वीस ग्रॅम. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की, आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. धने आणि संत्री यांच्या योगाने हे वाक्य सौम्य होत नाही.

मग आमचे मत काय, असे वाचक विचारतील. ज्या घरात न घेण्याचा नेम आहे त्या घराने तो मोडण्याचे काही एक कारण या पेल्यात नाही. इतकी थोर वस्तू ती नव्हे. परंतु ज्यांची मुले ती घेतात त्यांनी तिला ‘दारू’ या एका शब्दात गुंडाळून मुलांशी बोलणे बंद करू नये. पेला पुढे आला तर तो उजेडात धरून पाहण्यास, त्यातील धान्य ओळखण्यास आणि एका पेल्यावर थांबण्यास मुलांस सांगावे. जो सावकाश चव घेतो त्याचे पिणे बहुधा थोडे होते. आणि ज्यास चव समजत नाही त्यास मापही समजत नाही. ब्रुअरी चालविणाऱ्या तरुणांसही आमचे एक सांगणे आहे. आपल्या डब्यावर अल्कोहोलाचे प्रमाण छापता, त्याच्याच शेजारी त्या डब्यास किती लिटर पाणी लागले आणि त्यातील धान्य कोणत्या तालुक्यात पिकले, तेही छापा. तो आकडा वाचून मंठ्याचा शेतकरी ठरवील की आपली ज्वारी तुम्हांस द्यावी की नाही.